दडपलेला वास

रंगाच्या कारखान्यात ताई केमिस्ट होती आणि तिचा धाकटा भाऊ खालच्या शेडमध्ये पिंपं हलवायचा. त्या दुपारी तो शेडबाहेरच्या बाकड्यावर आडवा पडलेला तिला दिसला. शेजारी सुपरवायझर हसत उभा होता.

"बंधुराज सकाळीच टाकून आलेत. धड उभं राहवत नाही त्यांना."

धाकटा दारूला शिवतही नसे. ताईने त्याचा चेहरा वर केला. ओठ जांभळे, नखं जांभळी. पँटची एक मांडी ओली आणि तिला कुजक्या मासळीसारखा वास.

"पिंपातलं ॲनिलिन सांडलंय याच्यावर. कातडीतून रक्तात उतरलंय," ती म्हणाली. "आणि तुम्ही हसताय?"

सगळ्यांदेखत तिने त्याचे कपडे फाडून काढले, साबणाने त्याला घसघसून धुतलं आणि इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी काढलेलं रक्त चॉकलेटी होतं. इंजेक्शन दिल्यावर हळूहळू ओठांचा रंग परतला.

भावजय धापा टाकत आली. "तुम्हीच कामाला लावलंत ना ताई त्याला तिथे?" एवढंच बोलली आणि तोंड फिरवून बसली. ताईला ते लागलं. पण तिच्या अंगाचा तिळपापड होत होता तो त्या हसणाऱ्या सुपरवायझरवर.

ताईने गळक्या पिंपाची तक्रार केली तसे दुसऱ्या दिवशी मालक स्वतः शेडमध्ये आले.

"साहेब, तुम्हीच वास घेऊन बघा," सुपरवायझर म्हणाला. "गळकं पिंप असतं तर इथे उभं राहवलं असतं का?"

खरंच वास नव्हता. फरशी लख्ख होती, फक्त ॲसिडने नाकात किंचित झोंबत होतं. ताईच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. ॲनिलिन हे अमाइन, म्हणजे अल्कलीच्या जातीचं. ॲसिड मिळालं की ते त्याला चिकटतं, त्याचा क्षार होतो, तो पाण्यात विरघळतो आणि वास गडप. पण ॲनिलिन कुठे जात नाही.

तिने गटारातलं पाणी चंचुपात्रात घेतलं आणि त्यात कॉस्टिक सोडा ओतला. सोड्याने ॲसिड ओढून घेतलं. पाणी दुधाळ झालं, तपकिरी तेलकट थेंब सुटले आणि तीच कुजकी मासळी शेडभर पसरली. मालकांनी नाकाला रुमाल लावला.

ताईने पात्र सुपरवायझरच्या नाकाखाली धरलं. "घ्या वास. माणूस धुवायचा सोडून तुम्ही ॲसिडने फरशी धुतलीत."

"साफसफाई करणं गुन्हा झाला का आता?" तो पुटपुटला.

"हे बाहेर जायला नको," मालक मऊ आवाजात म्हणाले. "भावाला पगारी रजा देतो."

"सरकारी कारखाना निरीक्षकांना मी सकाळीच फोन केलाय," ताई म्हणाली. "ते येईपर्यंत मी या गटारापाशीच उभी राहणार आहे."

ती उभी राहिली. कुणी तिला हटवायला धजलं नाही. संध्याकाळी शेडला सील लागलं आणि पुढे सुपरवायझरची नोकरी गेली. मालकांच्या केसालाही धक्का लागला नाही. धाकटा बरा झाला, पण त्या फाटकातून पुन्हा आत गेला नाही. भावजय ताईशी बोलू लागली. मालकांचं नाव कुणी काढलं की मात्र ताईचे दात अजून आवळले जातात.