लाकडी पायांचं पान

बाबा गेले आणि दीड महिन्यानं जागामालकाचा निरोप आला, की महिनाअखेर दुकान रिकामं हवं. निरोप इतका सभ्य होता की भांडायलाही जागा ठेवली नव्हती.

दुकान म्हणजे पुढे दहा फुटांची खोली, मागे तेवढीच दुसरी आणि मध्ये जाड पडदा. बाबा बूट करायचे, पण काचेत मांडून विकायचे नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल आत वळलेलं, ज्यांची बोटं यंत्रात गेली, अशांचे. प्रत्येकाच्या पावलाबरहुकूम ते आधी लाकडाची जोडी कोरत आणि तिच्यावर चामडं चढवत. ती जोडी जपली की पुढचा प्रत्येक बूट तिच्यावरच बेततो. हरवली, तर नव्या कारागिराला सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि त्याला ते जमेपर्यंत पायाला फोड येतात, कंबर धरते. हे मला कुणी सांगायला नको. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा सव्वा इंच आखूड आहे.

मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर एकशे अठरा जोड्या. नाव एकीवरही नव्हतं. बाबांचा तो नेमच होता. एका वेळी एकच गिऱ्हाईक, तेही मागच्या दारानं. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, नाव विचारायचं नाही, पत्ता तर नाहीच. लाकडाच्या तळव्यावर पेन्सिलीनं एक खूण करायची. ‘टपालवाल्या बाई’, ‘घाईवाले मास्तर’, ‘जिन्यावरचे काका’. त्याखाली काय दुखतं, किती वाढवलं, किती तासलं. पुढची तारीख तोंडी ठरायची. चाळीस वर्षं हे सुरळीत चाललं, कारण बाबा होते. आता या माणसांना शोधायचं तरी कसं?

दादा फोनवर म्हणाला, "दारावर चिठ्ठी लाव आणि मोकळी हो. कुणी नाही आलं तर सरपणाला दे." दादाचे दोन्ही पाय सारखे आहेत. त्याच्यावर रागावून काही उपयोग नसतो, तरी मी रागावले.

मी शाळेच्या कचेरीत कारकून आहे. शाळेची वेबसाइट मीच सांभाळते, म्हणजे सुट्ट्यांची यादी बदलते. तेवढ्या भांडवलावर मी ठरवलं, की या पायांची वेबसाइट करायची. तयार टेम्प्लेट पुष्कळ मिळतात. त्यांतलं मी चपला-बुटांच्या दुकानाचं घेतलं, कारण त्यात फोटोंच्या ओळी आयत्या होत्या. वर एक तरुण दोन्ही पाय हवेत घेऊन उडी मारत होता. त्याला आधी काढलं. ‘आमची टीम’ या मथळ्याखाली तीन अनोळखी माणसं दात दाखवत होती, त्यांनाही घरी पाठवलं. ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण मात्र जाता जाईना. दोन संध्याकाळी त्याच्यापायी गेल्या. शेवटी ते गेलं, पण प्रत्येक फोटोखाली ‘तुम्हाला हेही आवडेल’ असं लिहून टेम्प्लेट आपल्या मनानं आणखी तीन फोटो दाखवायचं. ते काही मला काढता आलं नाही. राहू दे म्हटलं.

आठ दिवस फोटो काढत होते. प्रत्येक जोडी खिडकीपाशी ठेवायची, एक फोटो वरून, एक तळव्याचा, खाली बाबांची खूण जशीच्या तशी. काम संपलं तेव्हा पान इतकं नेटकं दिसत होतं की मी स्वतःवरच खूश झाले. दुकानाच्या दारावर वेबसाइटचा पत्ता चिकटवला. ओळखीच्या सगळ्यांना लिंक पाठवली आणि पुढे पाठवा असं बजावलं. लोकांनी ऐकलं. लोक नको तेव्हा ऐकतात.

चार दिवस कुणीच आलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मागचं दार वाजलं. पन्नाशीच्या एक बाई, ताठ उभ्या, खांद्याला टपालाची पिशवी.

"तूच त्यांची मुलगी?"

"हो. या ना, बसा."

"बसायला नाही आले. माझा पाय चव्हाट्यावर मांडायला तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, नाव कुठेच टाकलेलं नाही.

"या भागात टपाल वाटणाऱ्या बाया किती? मी एकटी. ऑफिसात टपालाच्या छाटणीच्या टेबलावर सगळे मोबाइल घेऊन बसले होते. डाव्याला उंचवटा, तीन बोटं नाहीत, सगळं स्पष्ट दिसतंय. आणि खाली काय, तर तुम्हाला हेही आवडेल. कुणीतरी हसलं सुद्धा." त्यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. "सव्वीस वर्षं मी त्या माणसांबरोबर काम करते. सव्वीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. तुझ्या बापानं कळू दिलं नव्हतं."

बाबांनी खुणा लिहिल्या त्या स्वतःला वाचायला, पडद्यामागे. मी तो पडदा ओढून काढला होता आणि वर नेटकेपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटली होती. मी माफी मागितली. ती अगदीच अपुरी वाटली, तरी मागितली.

बाई फळ्यांकडे बघत राहिल्या. मग माझ्या पायांकडे. माझे बूट त्यांच्यासारखेच होते, त्याच हातचे. त्यांना ते लगेच कळलं.

"मी पान शेवटपर्यंत पाहिलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे टाकलेस. तुझा कुठे आहे?"

माझी जोडी अगदी खालच्या फळीवर, गोणपाटाखाली होती. हरवणार नव्हती म्हणून टाकली नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं असं, की शाळेत सगळ्यांना माझी चाल दिसते, पण पाय मी आजवर कुणाला दाखवला नाही. एकशे सतरा जणांचे दाखवताना मी एकदाही थांबले नव्हते.

त्यांच्या देखतच मी सगळे फोटो काढून टाकले. मग गोणपाट बाजूला केलं. ही जोडी मी कितीतरी वर्षांत हातात घेतली नव्हती. बाबा मोजत आणि मी खिडकीबाहेर बघत असे. उलटी केली. तळव्यावर बाबांचं बारीक अक्षर, एकाखाली एक ओळी, लहानपणापासूनच्या; पाऊल वाढून नवी जोडी कोरली, की जुन्या ओळीही ते तिच्यावर उतरवत असावेत. सगळ्यांत वर ‘धाकटी’. त्याखाली, ‘दुखत नाही म्हणते. दुखतंय. दोन सूत वाढवलं.’ पुन्हा, ‘नाही म्हणते. टाच तासली.’ पुन्हा, ‘नाही म्हणते.’ असं अकरा वेळा. शेवटची ओळ गेल्या वर्षीची होती आणि अक्षर हललेलं होतं.

मला रडू आलं. परक्या बाईसमोर रडायची मला चीड आहे, पण आलं. त्या पिशवी खाली ठेवून बसल्या.

त्या रात्रीपासून पानावर एकच जोडी राहिली, माझी, वरून आणि तळव्याकडूनही. जोडी एकच असल्यामुळे ‘तुम्हाला हेही आवडेल’च्या खाली दाखवायला टेम्प्लेटकडे काही उरलं नाही. मजकूर एवढाच लिहिला: ‘हा माझा पाय. तुमचा आत जपून ठेवला आहे, कुणाला दिसणार नाही. माझं चुकलं. नाव सांगू नका, काय काम करता तेवढं सांगा.’ खाली फोन नंबर.

फोन येऊ लागले. "मी शिवणकाम करते," एवढंच बोलून एका बाईंनी येण्याची वेळ विचारली. घाईवाले मास्तर दहा मिनिटं आधीच येऊन मागच्या दाराशी उभे. मी दोघांना एका वेळी बोलावलं नाही. प्रत्येकाची जोडी फडक्यात बांधून ठेवत होते. महिनाअखेर शहाण्णव गेल्या. माझी जोडी सोडून राहिलेल्या एकवीस मी घरी आणल्या, कपड्यांच्या कपाटात लावल्या आणि कपडे खुर्चीवर आले. दादा बघून म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय." म्हटलं, फिरू दे.

टपालवाल्या बाईंनी बसने तासाभरावर एक कारागीर शोधून काढला होता. "तुझेही बूट झिजलेत," त्या म्हणाल्या. "चल, दोघी जाऊ." गेलो. एरवी तो एकेकालाच घेतो म्हणाला, पण त्या उठल्या नाहीत आणि मीही त्यांना उठा म्हटलं नाही. त्यानं आधी त्यांचं पाहिलं, मग माझी जोडी हातात घेतली, उलटी केली आणि खालचं सगळं सावकाश वाचलं. वाचून त्यानं मान वर केली.

"दुखतं का कुठे?"

नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "टाचेच्या वर, आतल्या बाजूला. चौथीत असल्यापासून."

त्यानं पेन्सिल घेतली आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं.