तिळाएवढा देवराम

मी शून्य नंबरचा ब्रश बोलतोय. माझे केस खारीच्या शेपटीचे, त्यामुळे स्वभावही तसाच, सदा बिचकलेला. एक्याण्णव साली सावळीराम मास्तरांनी मला नाशिकच्या मेनरोडवरून विकत घेतलं आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी एसटीनं हरसूलकडे जायचे. कागदभर डोंगर, वर आभाळ. रुंद ब्रश आभाळ फासून मोकळे व्हायचे. सगळं वाळलं की मास्तर मला उचलायचे, कारण एवढ्या पसाऱ्यात तिळाएवढं माणूस काढायचं काम माझं. जलरंगात चूक पुसता येत नाही. मी घसरलो की दिवसभराची मेहनत पाण्यात. बघणारे आभाळाचं कौतुक करतात, पण त्यांची नजर आधी त्या तिळावरच जाते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा मास्तरांनी तिकडच्या एका पाड्यावर, भागीबाई नावाच्या बाईच्या अंगणात बसून समोरचा चढ रंगवला. तिचा नवरा देवराम बोचकं घेऊन द्राक्षबागेच्या कामाला निघाला होता. मी त्याला पाठमोरा काढला, चढावर पुढे वाकलेला. ते चित्र मास्तरांनी भागीबाईलाच दिलं. देवराम त्या कामावरून परतला नाही. तापानं तिकडेच गेला. त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. होता तो माझा तीळ.

दहा वर्षांनी मास्तर पुन्हा त्या अंगणात गेले.

"मास्तर, रोज उठून बघते," भागीबाई म्हणाली. "रोज जातोच हाय. एकदा येताना काढा ना त्याला."

तोवर मास्तर निवृत्त झाले होते. हात इतका कापायचा की बशीतला चहा तोंडाशी येईतो निम्मा सांडायचा. माझेही मोजून पाचसात केस उरले होते.

"तिळाला तोंड कुठलं, बाई? येतोय की जातोय, कळणार कसं?"

"चढताना माणूस पुढं वाकतं, उतरताना मागं रेलतं. तेवढंच करा. मला कळंल."

तेवढंच म्हणे! एका केसाचा काय तो फरक, आणि तो या कापऱ्या हातानं करायचा. मास्तरांनी नव्या कागदावर तोच चढ रंगवला आणि दुपारी मला उचललं. दोनदा मी कागदापर्यंत जाऊन परत आलो. शेवटी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं, श्वास रोखला आणि मला टेकवलं. एकदाच.

भागीबाई कागदावर वाकली. बोट न टेकवता तिनं चढाची वाट वरून खालपर्यंत गिरवली. मी म्हटलं, झालं, बिघडवला आपण तिचा माणूस. मग ती आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या आणून उंबऱ्याशी ठेवला. ब्रश धुवायला पाणी आणलं असेल असं समजून मास्तरांनी मला त्यात बुडवलं.

"मास्तर, ते त्याला पाय धुवायला हाय," भागीबाई हळूच म्हणाली.

मास्तरांनी मला बाहेर काढलं आणि कितीतरी वेळ तसंच हातात धरून ठेवलं.

त्यानंतर त्यांनी रंग काढले नाहीत. मी पत्र्याच्या डब्यात आहे, तीन केसांनिशी. घर आवरताना डब्याचं झाकण वाजलं की अजून धस्स होतं. मला टाकायचं तर खुशाल टाका, पण परत धुऊ नका. माझं शेवटचं धुणं त्या तांब्यात झालंय, तेवढं राहू द्या.