उदयपूरचा तलाव अंगावर घेऊन

मित्रांनो, पडदा म्हटलं की तुम्हाला दारावरचा किंवा खिडकीवरचा आठवेल. मी तसला नाही. नागपुरातल्या महाल भागात वामनरावांचा फोटो स्टुडिओ होता. तिथला मी रंगवलेला पडदा. माझ्या अंगावर उदयपूरचा तलाव आहे, पाण्यात पांढरा महाल आहे आणि काठाशी एक होडी आहे. मला रंगवणाऱ्याने उदयपूर पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नाही. मला भिंतीला खिळ्यांनी ठोकलेलं होतं.

त्या खोलीत उजेड येऊ नये म्हणून खिडक्या काळ्या कागदाने बंद केल्या होत्या. दिव्यांनी माझं कापड तापत असे. तेव्हा साखरपुड्यानंतर जोडीने फोटो काढायची हौस नवी होती. मुलं-मुली माझ्यासमोर अवघडून उभी राहत आणि वामनराव म्हणत, "हसा." फोटो घरी गेला की लोक त्यातला माझा तलाव पाहून खूश होत. तेवढंच माझं कौतुक.

सत्तर-बहात्तर सालची गोष्ट असेल. माघ महिन्यात पुष्पलता नावाची मुलगी तिच्या आत्याबरोबर, पार्वतीबाईंबरोबर आली. ती शिक्षिका होण्याचं शिकत होती आणि शेवटची परीक्षा तोंडावर होती. तिचा होणारा नवरा मधुसूदन काटोलहून थोरल्या भावाबरोबर आला होता. हे बाबाराव संत्र्याचे व्यापारी. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चाले.

वामनराव दिवे लावत असतानाच बाबारावांनी सांगून टाकलं की लग्न आता परीक्षेच्या आधी, फाल्गुनातच उरकायचं. पास झाली की नोकरी मागेल, म्हणून परीक्षाच नको. पार्वतीबाई मान खाली घालून बसल्या. पुष्पलता माझ्यापुढे उभी होती. ती मागे सरली आणि तिचे खांदे माझ्या कापडाला टेकले. तिच्या मागे मी होतो आणि माझ्या मागे भिंत. सरकायला जागाच नव्हती.

तेवढ्यात वीज गेली. खोलीत गुदमरायला लागलं, म्हणून मोठी माणसं बाहेर ओट्यावर गेली. वामनराव कोपऱ्यात फ्यूज तपासत राहिले. अंधारात पुष्पलता हळूच म्हणाली, "मले परीक्षा देऊ द्या. बाकी काही मागत नाही."

मधुसूदन म्हणाला, "घरात मले कोण विचारते?"

"मी विचारून राहिली ना तुमाले."

त्याने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, संपलं. वीज आली, माणसं आत आली, वामनरावांनी दोघांना पुन्हा जवळ उभं केलं. बाबाराव कुरकुरले, "काहून गा मधू, तोंड काहून पाडलं?"

मधुसूदनच्या कपाळावर घाम होता. भावासमोर त्याने कधी तोंड उघडलं नसावं. तो अडखळत म्हणाला, "भाऊ, तिची परीक्षा होऊ दे. मंग लग्न करू."

"हे तिनं पढवलं का तुले?"

"तिनं मागितलं. पण हे मी म्हणून राहिलो."

बाबाराव निघून गेले. पार्वतीबाईंना रडू आलं. फोटो राहूनच गेला.

पुढे पार्वतीबाई एकदा स्वतःचा फोटो काढायला आल्या, तेव्हा त्यांनी वामनरावांना सांगितलं त्यातून बाकीचं कळलं. घरात पुष्कळ भांडणं झाली. लग्न मोडायची भाषाही झाली, पण मधुसूदन हटला नाही. पुष्पलताने परीक्षा दिली. वैशाखात साधंसं लग्न झालं. बाबाराव आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. त्यानंतर बरेच दिवस ते धाकट्याशी बोलत नव्हते. पुष्पलता मात्र काटोलजवळच्या शाळेत शिकवू लागली.

नंतर रंगीत फोटो आले. लोक बागेत आणि तलावाकाठी फोटो काढू लागले. मला उतरवून, गुंडाळून, सुतळीने करकचून बांधून माळ्यावर टाकलं. आता माझा रंग जागोजागी तडकतो आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू ठेवायची असेल तर अधूनमधून उलगडून वारा देत जा. आणि उद्या तुमच्या घरातल्या कोणाला कुठे उभं करून "हस" म्हणाल, तेव्हा आधी त्याला तिथं उभं राहायचं आहे का, एवढं विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.