हार्लनची पन्नास काडतुसं

दुकानात येणारा प्रत्येक नवखा आधी चुकीचाच प्रश्न विचारतो. "गस, लांबवर मारायला कुठली रायफल घेऊ?" अरे बाबा, रायफल शेवटी! आधी खिशात किती आहेत ते सांग, मग काडतूस ठरव, मग दुर्बीण, आणि उरेल त्यात रायफल. चाळीस वर्षं वायोमिंगच्या या गावात मी हेच सांगत आलोय, आणि चाळीस वर्षं लोक माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या चकचकीत रायफली बघत आलेत.

नोरीन क्विगनं मात्र काही विचारलंच नाही. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी शाळेची बस बाहेर लावून ती थेट आत आली, काउंटरवर हिरवी प्लॅस्टिकची पेटी ठेवली आणि म्हणाली, "ही ज्यात चालतील अशी रायफल द्या. चौदाशे डॉलर आहेत. दुर्बीणही त्यातच बसवा."

पेटीत पन्नास काडतुसं होती. झाकणावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर हार्लनचं ते बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. 'नोरीनसाठी. घाई नाही.' खाली तारीख.

हार्लन क्विग म्हणजे हिचा बाप आणि माझा तीस वर्षांचा दोस्त. मार्चमध्ये हृदयविकारानं गेला. बापलेकीचं चार वर्षं बोलणं नव्हतं. बायकोच्या अंत्यविधीला तो लेकीला काहीतरी टोचून बोलला, ती ताडकन उठून गेली, आणि मग दोघंही अडून बसली. एकापेक्षा एक हट्टी! हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा ही बसमधल्या पोरांना घरोघर सोडत होती. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"कुठं सापडली ही?"

"गॅरेजमध्ये, त्यांच्या कामाच्या बाकाखाली. तारीख बघा ना, गस. दोन वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे आम्ही बोलत नव्हतो तेव्हा केलीत त्यांनी ही." तिनं पेटी माझ्याकडे सरकवली. "त्यांनी टेकडीखाली टांगलेली ती पोलादी पाटी आहे ना, हजार यार्डांवरची? ती मला याच काडतुसांनी वाजवायची आहे. एकदाच. मग माझं मन शांत होईल."

मी पेटीतलं एक काडतूस उचललं आणि परत ठेवलं. सांगणं भाग होतं.

"नोरीन, ही तुला वापरता यायची नाहीत."

"का?"

"ही कारखान्याची नाहीत, हातानं भरलेली आहेत. माणूस भरतो ती स्वतःच्या रायफलीचं माप घेऊन. तीच दुसऱ्या रायफलीत घातली तर कधी नुसती चुकतील, कधी तोंडावर फुटतील. म्हणून आमच्यात नियमच आहे. माणूस गेला की त्याची काडतुसं त्याच्याच रायफलीत, नाहीतर फोडून टाकायची. सख्ख्या भावालासुद्धा द्यायची नाहीत."

"मग त्यांचीच रायफल द्या. कोडी म्हणाला, तुमच्याकडे आणून दिलीय."

कोडी तिचा धाकटा भाऊ. मे महिन्यात बापाचं सगळं सामान ट्रकमध्ये घालून माझ्याकडे टाकून गेला होता. मी फडकं उचलून काउंटर पुसायला लागलो.

"विकली," मी म्हणालो. "जूनमध्ये. नेब्रास्काच्या एका माणसाला."

"मला एक फोन नाही करावासा वाटला?"

"तुला यातली हौस नाही, असं हार्लन म्हणायचा."

"हौस नाही?" तिचा आवाज चढला. "सोळा वर्षांची असताना मी त्यांच्यामागे लागले होते, मला शिकवा म्हणून. काय म्हणाले माहितेय? पोरी, याला धीर लागतो, तुझ्या अंगात तो नाही. आणि आता लिहितायत, घाई नाही!" एवढं बोलून ती काउंटरवर डोकं टेकून रडायला लागली. मी मेला तिथं उभा, हातात पुसायचं फडकं घेऊन.

चूक माझी होती. कोडीला काय कळतंय, त्याला गॅरेज रिकामं हवं होतं. पण मला ठाऊक होतं हार्लनला मुलगी आहे. एका फोनचं काम होतं, आणि मी गिऱ्हाईक आलं म्हणून खूश झालो.

तिच्यासमोरच नेब्रास्काला फोन लावला. माणूस सज्जन निघाला. म्हणाला, रायफल आहे, हवी तर घेऊन जा, पण बॅरल मी नवं बसवलंय, दुसऱ्या मापाच्या काडतुसाचं.

"आणि जुनं?"

"ते झिजलं होतं हो. परसात टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून ठोकलंय."

त्याला काय बोलणार? आमच्या धंद्यातले सगळे हेच करतात. माझ्या दुकानामागेही अशी तीन बॅरलं वेलांना ठोकलेली आहेत. नोरीनला मी ती दाखवली नाहीत. पण तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. पेटी उचलून ती दाराकडे निघाली.

"थांब," मी म्हणालो. "काडतूस फोडलं तरी त्याच्या तोंडाशी बसवलेली गोळी वाया जात नाही. ती परत भरता येते. रायफल तुझी, बंदुकीची दारू तुझी, पितळी पुंगळी तुझी, गोळी मात्र बापाची. चालेल?"

तिनं पेटी परत काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "हजार यार्ड जाईल?"

"रायफल जाईल. गोळीचं फोडल्यावर बघू."

मग आम्ही निवडायला बसलो. हार्लनचं काडतूस होतं दोनशेसाठ नावाचं. गुणी, पण दुकानात मिळता मिळत नाही, नवख्याच्या गळ्यात ते मी कधीच मारणार नाही. तिला मी साडेसहा मिलिमीटरचं, क्रीडमूर नावाचं काडतूस दिलं. गोळीची जाडी तीच, खांद्याला धक्का बेताचा, आणि कुठल्याही गावात, अगदी घोड्याची खोगिरं विकणाऱ्याकडेसुद्धा मिळतं. रायफल साधी, काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची, पण बॅरल जाड. दुर्बीण मात्र रायफलीहून महाग.

"हे काय? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" ती म्हणाली.

"जे दिसत नाही ते लागत नाही."

"बाबा म्हणायचे, गस दुर्बिणीवरच सगळ्यांना लुटतो." आणि ती हसली, डोळे पुसत. मी त्या दुर्बिणीवर एक डॉलरही कमावला नाही. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

शनिवारी सकाळी ती माझ्या शेडमध्ये आली, हॅम घातलेली बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, घेऊन. काडतुसं फोडायला आमच्याकडे प्लॅस्टिकचा एक हातोडा असतो. त्यात काडतूस अडकवायचं आणि ओंडक्यावर ठोकायचं, म्हणजे गोळी निसटते आणि दारू बाहेर येते. पहिलं मी फोडलं. गोळी हातात घेतली आणि थबकलो. आखूड, हलकी गोळी. दारू तराजूत घातली. तीही कमी, फारच कमी. मी दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. सगळी तशीच.

"काय झालं? खराब आहेत?"

"खराब कसली! प्रत्येक एका मापाची आहे, हार्लनचंच काम. पण नोरीन, ही हजार यार्डांची नाहीतच. त्या पाटीच्या अर्ध्या वाटेत जमिनीला लागली असती. ही शंभर यार्डांची आहेत. खांद्याला अजिबात लागू नये म्हणून इतकी हलकी भरलीत. पहिल्या दिवसासाठी. शेजारी बसून शिकवतात ना, तेव्हासाठी."

तिनं गोळी माझ्या हातातून घेतली आणि मुठीत धरली.

"मी तिकडं लांबची पाटी बघत होते," ती म्हणाली. "आणि ते मला जवळच बसवणार होते."

"हो."

"दोन वर्षं बाकाखाली ठेवून दिलीत. हाक नाही मारली."

"तू तरी कुठं मारलीस?" बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ती रागावली नाही.

"नाही मारली," ती म्हणाली आणि हातोडा माझ्याकडून घेतला. उरलेली सत्तेचाळीस तिनं एकटीनं फोडली.

त्या दारूचं आम्ही जे करतो तेच केलं. ती हिरवळीला चांगली असते. दफनभूमीत हार्लनवरची माती अजून उघडीच होती, गवत धरलं नव्हतं. नोरीननं तिच्यावर ती दारू पातळ पसरून टाकली आणि पाण्याची बाटली रिकामी केली.

पुढच्या शनिवारी आम्ही टेकडीखाली गेलो. लांबवर ती पांढरी पाटी वाऱ्यानं हलत होती. मी शंभर यार्डांवर कागद लावला. नोरीन पालथी झोपली, नवी रायफल खांद्याला लावून, आत नव्या पुंगळीत भरलेली बापाची गोळी. मी तिच्या डाव्या हाताला बसलो, हार्लन बसला असता तिथं, मोठी दुर्बीण डोळ्याला लावून. श्वास कसा सोडायचा ते मी सांगितलं. ती कितीतरी वेळ थांबली. कोण म्हणतं हिला धीर नाही?

बार झाला. डोळा दुर्बिणीला तसाच ठेवून ती पटकन म्हणाली, "बाबा, लागली?"

मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. ती तशीच पडून राहिली, पाठ हलत होती.

"लागली, पोरी," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते आणि मला तो कागद दिसतसुद्धा नव्हता.