रिकाम्या वायरीतली लाट

मी ऑसिलोस्कोप बोलतोय. लोक मला छोटा टीव्ही समजतात, पण माझ्या काचेवर चित्र येत नाही. वायरीतून जी वीज येते तिचा आकार मी हिरव्या रेघेने काढून दाखवतो. हेलकावे खाणारी वीज असली की लाट उठते. जे येतं तेच मी दाखवतो. ते कुठून आलं हे मात्र मला सांगता येत नाही. त्यामुळे इंदापुरातली एक बाई वर्षभर फसली.

१९९३ साली गेणू पुण्यात जुन्या मालाच्या दुकानात आला. आठवीत शाळा सुटलेला, इंदापुरात टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. फळीवर आम्ही तिघे होतो. एक कोरा, पण एकच रेघ काढणारा. एक साठ मेगाहर्ट्झचा, म्हणजे फार वेगाच्या लाटाही पकडणारा, परदेशी, दांडगा. आणि वीस मेगाहर्ट्झचा मी, दोन रेघांचा, कॉलेजातून मोडीत निघालेला. गेणूचा डोळा साठवर होता.

"टीव्हीला वीस पुष्कळ झाले," दुकानदार म्हणाला. "पण रेघा दोन पाहिजेत. आत काय गेलं न् बाहेर काय आलं, दोन्ही एकदम दिसलं की दोष सापडतो."

गेणूने रेघ काढणारा माझा उजेडाचा ठिपका बारीक होतो का ते पाहिलं. मग वायरीच्या टोकाला बोट लावलं. काचेवर लाट उसळली. तो लाजल्यासारखा हसला आणि मला गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसला.

रोज सकाळी तो तसंच बोट लावून मला तपासायचा. शेजारचा चहावाला म्हस्कू विचारायचा, "गेण्या, ह्यावर बातम्या कवा लागायच्या?"

"तुज्या चहात दूध पडंल तवा."

एकदा त्याच्या बायकोने, सिंधुबाईने विचारलं, "अवो, ही लाट कशाची?"

"माजा जीव हाय त्यो. बोट लावलं की दिसतो," गेणू म्हणाला. थट्टेत बोलला होता. पण ती हसली नाही, बराच वेळ काचेकडे बघत राहिली.

सत्त्याण्णव साली गेणू काविळीने गेला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. ती बंद झाली. माझ्यावर धूळ बसली.

महिन्याभराने एका दुपारी सिंधुबाई आली. पदराने माझी काच पुसली, बटण दाबलं आणि समोर बसली. वायर टेबलावर रिकामीच पडली होती. तरी काचेवर एक बारीक लाट थरथरत होती.

"हायसा व्हय हितं?" ती म्हणाली.

ती भिंतीतल्या विजेची चाहूल होती. कुठलीही मोकळी वायर ती पकडते. पण सिंधुबाई जवळ सरकली की तिच्या अंगामुळे लाट वाढायची, आणि तिला वाटायचं, तेच जवळ आले. मग ती बोलत बसायची. मिरच्यांचं रोप, माहेरची माणसं, म्हस्कूची थट्टा, सगळं. उठून लांब गेली की लाट बारीक व्हायची, म्हणून ती उठायचीच नाही. चुलीवरचं दूध उतू जायचं. वायरीला तिने एकदाही हात लावला नाही. ती त्यांची जागा, असं तिला वाटे. माझं भूत झालं होतं आणि मला ते उतरवता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी जळोची गावचा, गेणूच्या ओळखीतला सुयोग आला. त्याला टीव्हीचं दुकान टाकायचं होतं, त्यासाठी स्कोप हवा होता.

"वैनी, गेणूदांचा स्कोप देणार का? दोन रेघांचा हाय म्हनं."

"बगा. पर द्यायचं काय माज्या मनात न्हाय."

त्याने ठिपका बारीक केला, दोन्ही रेघा वर-खाली सरकवून पाहिल्या, आणि शेवटी बोट लावलं. लाट उसळली, अगदी गेणूच्या वेळेसारखी.

"काढा ते बोट," सिंधुबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुमच्या बोटानं आमचं मालक कसं आलं?"

सुयोगला आधी कळलंच नाही. गेणूचं ते जिवाचं बोलणं तिने सांगितलं तेव्हा तो खाली बघत पुटपुटला, "वैनी, भिंतीतली वीज हाय ती. आपल्या अंगातनं येती. कुनाचंबी बोट लावा."

"कुनाचंबी?"

तिने बोट लावलं. लाट उठली, पण बुटकी.

"माजी एवडीच?"

"फरशी आत्ता पुसलीया, आन् तुमी अनवाणी. वीज जमिनीत जाती. पायात रबरी कायतरी घाला."

टेबलाखाली गेणूच्या स्लिपर होत्या, एका बाजूने झिजलेल्या. तिने त्यात पाय सरकवले आणि पुन्हा बोट टेकवलं. लाट चढत चढत गेणूच्या उंचीला पोचली.

"म्हंजे इतकं दिस मीच व्हते व्हय?" ती म्हणाली.

तिने स्वतःच माझं बटण बंद केलं. "न्या भावजी," म्हणाली, आणि त्याच स्लिपर घालून आत स्वयंपाकघरात निघून गेली.

आता मी जळोचीत असतो. काम भरपूर आहे. तुम्ही कधी माझ्यासारखा निवडायला गेलात, तर मेगाहर्ट्झ विचारा, ठिपका बघा, रेघा मोजा. पण ज्याचं माणूस नुकतंच गेलंय, त्याला मोकळ्या वायरीपुढे एकटं बसू देऊ नका. तिथं कुणी नसलं तरी मी काहीतरी दाखवीनच. मला गप्प राहता येत नाही.