वाऱ्याच्या उलट पडलेली पानं

सकाळचा दिवा लावून जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. हा नेम माझ्या लग्नाआधीपासूनचा. सासूबाईंना मला काही लागेल असं बोलायचं असलं, की त्या नेमकी तीच वेळ साधतात.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "आला होता."

मागच्या पायरीवर कोणीतरी ओलं कापड पिळावं तसा आवाज झाला होता. पाणी दगडावर पडलं, थांबलं, मग पुन्हा थोडं पडलं. हे तळ्यावरून आले की आधी त्या पायरीवर बसून पँटचे पाय पिळायचे आणि मगच आत यायचे. मी डोळे मिटून माळ ओढत राहिले.

"येतो, बघतो आणि जातो. आत पाऊल टाकत नाही. का टाकत नाही, ते मी सांगायला नको. जिथं टोचून बोलतात तिथं कुत्रंसुद्धा दोनदा विचार करून शिरतं."

जप संपल्यावर मी दार उघडलं. पायरी ओली होती. दव पडलं असेल, पन्हळ गळत असेल. पाच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते.

पाच वर्षांपूर्वी हे नाहीसे झाले. आम्ही दोघंही हिवाळ्यात गोठणाऱ्या या तळ्याकाठच्या वनस्पती केंद्रात कामाला होतो, आणि काम एकाच गवताचं होतं: पाणभाताचं. हा रानातला भात. कोणी पेरत नाही, कोणी लावत नाही, उथळ पाण्यात आपला आपण उगवतो. हे नावेत बसून बी गोळा करायचे आणि ते बी मी बरण्यांत सांभाळायची. इतर बी वाळवून डब्यात ठेवतात, पण हे वाळलं की मेलं. याला पाण्यात, गारठ्यात आणि अंधारात ठेवायचं, आणि वरचेवर पाणी बदलायचं.

"काय म्हणतात तुझी पोरं?" हे विचारायचे.

"अंघोळी झाल्या त्यांच्या," मी सांगायची. घरात दुसरी पोरं नव्हती.

पाणभाताच्या तुऱ्यात वर बायकी फुलं असतात आणि खाली पुरुषी. वरची आधी उमलतात, त्यांचं सगळं आटोपतं, आणि मग कुठं खालची जागी होतात. "बघ," हे म्हणायचे, "बाईचं आवरून झालं तरी बुवा अंथरुणातच. एका देठावर राहून भेट नाही." मी म्हणायची, "देवानं आपल्याच घरात डोकावून केलेलं दिसतंय हे." अशी आमची थट्टा चालायची. भांडणंही व्हायची. शेवटचं भांडण बियांवरूनच झालं. आदल्या साली वीज जाऊन केंद्रातला मोठा फ्रीज बंद पडला होता आणि निम्म्या बरण्या कुजल्या होत्या. नवा हंगाम आला तेव्हा हे म्हणाले, "यंदा सगळं बी तुझ्या ताब्यात द्यायचं नाही." मला ते फार लागलं. शब्दानं शब्द वाढला. "या घरात बोलायची सोय नाही, जातो मी," असं म्हणून हे सकाळी नाव घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत.

नाव सापडली ती पलीकडच्या काठाला, चिखलात नाक खुपसून पडलेली. त्या काठावरूनच बस जाते. पाणबुड्यांनी मधलं खोल पाणी पिंजून काढलं. काही मिळालं नाही. या तळ्याला पाण्याच्या खाली पुन्हा चिखलाचं एक तळं आहे आणि ते दिलेलं परत करत नाही, असं नावाडी म्हणतात. पण लोकांना बस जास्त पटली. नवरा-बायकोचं वाजलं, नवरा बसमध्ये बसला आणि गेला. सासूबाईंनाही तेच पटलं. बसमध्ये बसलेला मुलगा कुठंतरी असतो, जेवतो, झोपतो. दर आठवड्याला त्या यांच्या सायकलच्या चाकांत हवा भरत. पंपाचा तो आवाज भिंतीपलीकडून ऐकला की कोणीतरी दम लागलेलं माणूस श्वास घेतंय असं वाटे.

मी मात्र कुणाला न सांगता रोज देवापुढं एकच गोष्ट मागत होते: खरं काय ते कळू दे. हे मला टाकून गेले, की गेलेच? तोंडानं मी हे एवढंच म्हणायची. मनात त्यांतलं कोणतं मागत होते ते देव जाणे, आणि त्यानं ते कुणाला सांगू नये.

हे गेल्यानंतरच्या पाचव्या उन्हाळ्याच्या तोंडाला सर्वेक्षणाचा माणूस रजेवर गेला, म्हणून पाणभाताचे पट्टे मोजायला मला पाठवलं. नाव चालवायला नावाडी होता, लांब पायांचा आणि लांब मानेचा. सगळे त्याला बगळ्या म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

"वहिनी, मधोमध बसा. कडेला बसलात तर माशांना मेजवानी."

"मला खाऊन त्यांचं काय भागणार, बगळेभाऊ?"

"तेही खरंच. काटेच जास्त."

या दिवसांत पाणभात उभा नसतो. तळातून वर आलेली त्याची लांब, फितीसारखी पानं पाण्यावर आडवी पडून राहतात. वारा वाहील त्या अंगाला सगळी वळतात, विंचरून ठेवलेल्या केसांसारखी. मुख्य पट्टा काठालगत होता. तो मोजून आम्ही पुढं निघालो, आणि उघड्या पाण्यात, एका बुडालेल्या उंचवट्यावर, मला हिरवा ठिपका दिसला.

"ते काय?"

बगळ्यानं वल्हं उचलून धरलं. "तिकडं नको, वहिनी."

"का?"

"आम्ही कोणी तिकडून नाव नेत नाही. मागच्या साली पाणी उतरलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं. वारा इकडून येतोय ना? आता पानं बघा."

मी बघितलं. काठचा सगळा पट्टा पूर्वेला पडला होता. तेवढा ठिपकाच पश्चिमेला, आमच्या घराच्या दिशेनं.

"खाली झरा असेल," मी म्हणाले.

"असेल की. तुम्ही शिकलेल्या. झऱ्याला नमस्कार सांगा, आणि आपण इथूनच जाऊ."

मला धक्का पानांच्या दिशेचा बसला नव्हता. पाणभाताचं बी तरंगत नाही. त्याला लांब, खरखरीत कुसळ असतं. पिकलं की ते बाणासारखं सरळ खाली जातं आणि आईच्या पायाशीच चिखलात रुततं. बदकानं खाल्लं तर त्याच्या पोटातच पचून जातं. काठापासून इतकं लांब, मधलं खोल पाणी ओलांडून ते आपण होऊन येऊच शकत नव्हतं. त्याला कोणीतरी आणलं होतं. शिवाय हे बी काही एका साली उगवून मोकळं होत नाही. पाणी चढं असलं तर चिखलात वर्षानुवर्षं निजून राहतं आणि पाणी उतरलं की जागं होतं.

यांच्या खांद्याला बियांची पिशवी असायची. ती पिशवी घेऊन माणूस पाण्यात पडला, तर बी त्याच्यासोबतच तळाशी जाईल. "घरी चला, बगळेभाऊ," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जपाला बसले आणि पायरीवर पुन्हा पाणी पिळल्याचा आवाज झाला.

"आलाय बघ," सासूबाई म्हणाल्या. "पण आत यायचा नाही. तुझं तोंड आहे ना इथं."

आयुष्यात पहिल्यांदा मी माळ अर्ध्यावर ठेवली.

"आई," मी म्हणाले, "बसनं गेलेला माणूस रोज ओला होऊन कसा येईल?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नेम मोडला याचं त्यांना आश्चर्य वाटलं, की मी काय म्हणाले याचं, ते कळलं नाही. मग त्या उठल्या आणि मागं गेल्या. मला वाटलं, आता पंपाचा आवाज येईल. पण तो आला नाही. परत आल्या तेव्हा त्यांनी पायांत बूट घातले होते आणि डोक्याला रुमाल बांधला होता.

"काय बघितलंस काल तळ्यावर? काल आल्यापासून तुला घास उतरत नाहीये. मला ने तिकडं."

"आई, नावेत तुम्हाला चक्कर येते."

"येऊ दे. चक्कर आली म्हणून कोण मेलंय?"

बगळ्या आढेवेढे घेऊ लागला, तेव्हा सासूबाईंनीच त्याला गप्प केलं. "तू घाबरतोस, आणि मी म्हातारी जातेय. तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल?" वारा कालचाच होता, आणि त्या ठिपक्यातली पानं कालच्यासारखीच उलटी पडली होती. सासूबाईंना मी काहीच समजावलं नव्हतं, पण ती पानं कोणत्या घराकडे वळली आहेत ते त्यांनी बघितलं आणि नावेची कड घट्ट धरली.

बगळ्यानं बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"काहीतरी आहे. जाळी आहे. पिशवी."

"आणि?" मी विचारलं.

"आत दगड आहे."

"आणि?"

तो थोडा वेळ चाचपडत राहिला. "आणि एक खुंटा. पिशवी त्याला बांधलीय. बाकी काही नाही, वहिनी. खाली नुसता चिखल. मी याच्या खाली हात घालणार नाही, आधीच सांगतो."

पिशवी वर आली. कांद्याची लाल जाळी, तिच्या घराघरांतून मुळं आरपार गेलेली. आत बहुतेक नुसती टरफलं, पण मुळांच्या गुंत्यात काही काळे, लांबट दाणे अजून शाबूत होते. तोंड दोरीनं बांधलेलं, तीच दोरी खुंट्याला. मी ती मांडीवर घेतली. गार पाणी माझ्या कपड्यांतून खाली ओघळत राहिलं.

"हे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"बी राखलंय, आई. जुने लोक असंच राखायचे. त्यांच्याकडे फ्रीज कुठला? दगड घालून पिशवी तळ्यातच बुडवायची. वरचं पाणी गोठलं तरी खाली बी जिवंत राहतं. उन्हाळा लागला की यायचं आणि काढायचं." बोलता बोलता मला यांचा आवाज ऐकू आला: यंदा सगळं बी तुझ्या ताब्यात द्यायचं नाही. पुन्हा वीज गेली तर काहीतरी उरावं, एवढंच यांना म्हणायचं होतं. तेवढं नीट ऐकून घ्यायला मी थांबलेच नव्हते.

सासूबाईंनी दोरीची गाठ बोटांनी चाचपली. "म्हणजे त्याला काढायला यायचं होतं."

"हो आई."

"ज्याला बस गाठायचीय, तो इथं खुंटा कशाला ठोकत बसेल?"

बगळ्या हळू आवाजात म्हणाला, "आजी, खुंटा ठोकायचा तर नावेबाहेर ओणवं व्हावं लागतं. वरून जोर दिला की नाव मागं सरते. रिकामी नाव मग वाऱ्यावर कुठंही जाते. इथं पाणी कमरेइतकंच आहे, पण चिखल…"

हे मला टाकून गेले नव्हते. माझ्या छातीतली पाच वर्षांची गाठ सुटली, आणि मला आनंद झाला. खरंच झाला. त्याच नावेत, माझ्या समोर, एका आईचा मुलगा त्या क्षणी मरत होता, आणि मला आनंद झाला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, पण तेही धड घेता येईना.

सासूबाई रडल्या नाहीत. त्या वाकल्या आणि पाण्यावर पडलेली पानं हातानं सारखी करू लागल्या, अंगावरचं पांघरूण नीट करावं तशी. यांना लहानपणी पाण्यातून बाहेर काढणं अवघड जायचं, म्हणून त्या यांना चिंगळ्या म्हणत. माझ्यासमोर हे नाव त्यांनी फारसं कधी घेतलं नव्हतं.

"चिंगळ्या," त्या म्हणाल्या, "रोज एवढ्या लांब येऊन पायरीवर बसू नकोस रे. दमत असशील. आता आम्हाला कळलं. आम्हीच येत जाऊ."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते परत पाण्यात ठेव. वाळलं की मरतं ना ते?"

मी पिशवी पाण्यात सोडली. बगळ्यानं ती होती तिथं बसवली आणि नाव वळवली.

परतीच्या वाटेवर काठचा मोठा पट्टा लागतो. नाव त्या पानांवरून सरकताना खालून घासल्याचा मऊ, ओला आवाज येत होता. बगळ्याची आमच्याकडे पाठ होती आणि तो वल्ही मारत होता. सासूबाई थकून नावेच्या कडेला रेलल्या होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि एक हात बाहेर पाण्यात सोडलेला होता. माझे दोन्ही हात मांडीवर होते, पदरात गुंडाळलेले.

"किती गार पडलाय गं तुझा हात," त्या म्हणाल्या.

त्यांची बोटं पाण्याखाली मिटली होती. मी माझे हात आणखी आत ओढून घेतले.

"हो आई," मी म्हणाले. "गारच आहे. सोडू नका."