माझंच नाव टाक

कल्पिताने करारावर सही केली तेव्हा ती चालवणार त्या रेसच्या गाडीवर वेलचीचं नाव येणार होतं. वेलची म्हणे! ती विकणाऱ्या कंपनीचा खरा माल म्हणजे गुटख्याची पुडी, हे वेसाव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण कोळीवाड्यातल्या पोरीला गाडी द्यायला दुसरं कोण तयार होतं? तिने डोळेझाक केली आणि तीन वर्षांसाठी अडकली.

घरी बाबा होते. हरेश्वर, बंदरावरच्या होड्यांवर नावं रंगवणारे. त्याच पुड्या खाऊन त्यांचा अर्धा जबडा डॉक्टरांनी काढला होता. पेजेवर दिवस काढायचे, आणि त्यांचं बोलणं फक्त लेकीला कळायचं. गाडी बघायची म्हणून ते सारखे मागे लागत आणि ती काहीतरी थाप मारून वेळ मारून नेई.

मग नशीब फळफळलं. वेलचीच्या आडून पुडीची जाहिरात चालणार नाही, असं स्पर्धेच्या आयोजकांनी कळवलं. कल्पिता त्याच दुपारी अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये धडकली.

"त्यांचं नाव काढ, माझंच टाक," ती टीमच्या मॅनेजरला, अल्पेशला म्हणाली.

"पक्का ना? नंतर कटकट नको."

"पक्का रे. चांगलं मोठ्ठं टाक!"

आठवड्याने ती बाबांना रिक्षात घालून घेऊन आली. अल्पेशने गाडीवरचं कापड ओढलं. लाल रंगावर सोनेरी अक्षरं, 'क'चा लांब फराटा आणि खाली चांदणी. नाव तिचं, पण अंगावरचे कपडे हुबेहूब गुटख्याच्या पुडीचे.

हरेश्वरांचा जन्म अक्षरं रंगवण्यात गेलेला. त्यांना एक नजर पुरली.

"पुडी," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचं बोलणं अल्पेशलाही कळलं.

"काय रे हे?" कल्पिता ओरडली.

"तूच बोललीस ना? नियमात बसतंय, कंपनी खूश. आता स्वतःच्या नावाला नाही कशी म्हणशील?"

ती काय म्हणणार होती? करार मोडला तर तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात लावता येणार नव्हता. दात-ओठ खात ती त्याच गाडीत बसली आणि शर्यतीत दुसरी आली. पेपरात फोटो छापून आला, गाडीसकट.

पुढच्या रविवारी ती बाबांबरोबर बंदरावर निघाली होती. गुटख्याला राज्यात बंदी, त्यामुळे टपरीवर तो टोपणनावानेच मागतात. वाटेतल्या टपरीशी उभ्या असलेल्या खलाशाने हात पुढे केला.

"दोन कल्पिता दे रे."

टपरीवाल्याने फळीखालून दोन लाल पुड्या काढल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. ती धावत बंदरावर गेली. वाळूवर त्यांची स्वतःची होडी उभी होती. लेक जन्मली त्या वर्षी त्यांनी होडीवर 'कल्पिता' लिहिलं होतं आणि दर वर्षी नारळी पुनवेआधी ते नाव पुन्हा उजळत. आज मात्र डब्यात होडीच्या अंगाचा निळा रंग होता.

"बाबा, नको ना!"

"आता लोक काय वाचतील हे?" त्यांनी अडखळत विचारलं.

ब्रश 'क'वर टेकला आणि तिथेच अडला. हरेश्वरांना रडू आवरेना. शेवटी कल्पितानेच त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि एकेक अक्षर करत आपलं नाव निळ्या रंगाने पुसून टाकलं.

मग तिने हात धुतले. दहा वाजता सरावाला पोचायचं होतं.